अकरा सकाळींचा खुलासा

ताई, तुमच्या निधनाची बातमी मीच पाठवली. एकशे दहा शब्द होते, त्यातले चौऱ्याण्णव छापून आले. वय, गाव, नोकरीची वर्षं, पश्चात मुलगी, जावई आणि नात, अंत्यसंस्कार कुठे आणि किती वाजता. चूक एकही नव्हती. शेवटी 'परिसरात शोककळा पसरली' हे वाक्य डेस्कने घातलं होतं. तुम्ही असता तर लाल पेनने त्याला गोल करून विचारलं असतं, "कुठून कुठपर्यंत पसरली? पाहून आलास का?"

त्या बातमीबद्दल माझं काही म्हणणं नाही. ज्यांच्याबद्दल आहे त्या अकरा बातम्या कुठेच छापल्या गेल्या नाहीत. त्या मी तुम्हाला फोनवर दिल्या आणि तुम्ही तुमच्या रजिस्टरमध्ये उतरवून घेतल्या. अकराही खोट्या होत्या. हे तुम्हाला माहीत होतं की नव्हतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. काल तुमच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. तो आटोपल्यावर प्रज्ञाने, तुमच्या मुलीने, ते रजिस्टर माझ्या हातात दिलं. "आई म्हणाली होती, त्याचं त्याला दे," एवढंच ती म्हणाली. तेव्हापासून तीनदा वाचलं. दर वेळी उत्तर वेगळं येतं.

आपली ओळख कामाची. दैनिकाच्या गोंदिया कार्यालयात तुम्ही डेस्क सांभाळत होता आणि मी सडक अर्जुनी तालुक्यातून बातम्या पाठवत होतो. सतरा वर्षं आपण जवळजवळ रोज बोललो, बहुतेक फोनवर आणि बहुतेक माझ्या मजकुरातल्या दोषांबद्दल. मी 'आनंदाचे वातावरण' लिहिलं की तुम्ही विचारायचात, "म्हणजे किती लोक हसत होते?" 'हजारोंच्या संख्येने' लिहिलं की, "तू किती मोजले? तेवढेच लिही."

एकदा एका गावच्या ग्रामसभेची बातमी आली. उपस्थिती, ठराव, सूचक, अनुमोदक, सभा किती वाजता सुरू झाली, किती वाजता संपली, सगळं होतं. तुम्ही ती बाजूला ठेवली आणि पाठवणाऱ्याला फोन लावला. "तू गेलाच नव्हतास," एवढं म्हणून गप्प बसलात. झापलं नाही, दुसरा प्रश्न विचारला नाही. तुमची ती शांतता आम्हा सगळ्यांना माहीत होती. आपली चूक आपण सांगावी म्हणून तुम्ही माणसाला तेवढी जागा करून देत होता. त्याने कबूल केलं. सभा कोरमअभावी तहकूब झाली होती. त्या दिवशी मी कार्यालयातच होतो. तुम्हाला कसं कळलं, असं विचारलं तेव्हा म्हणालात, "जो जातो त्याचं काहीतरी राहून जाते रे बाबू. एखादं नाव ऐकू येत नाही, मधेच कोण उठून गेलं ते दिसत नाही. ज्याच्याजवळ सगळं भरलेलं असते, तो घरी बसून लिहिते."

दुसरा तुमचा आग्रह वरच्या ओळीचा. जे आपण पाहिलं नाही त्याच्या डोक्यावर 'आमच्या वार्ताहराकडून' ही ओळ असलीच पाहिजे. ज्याने पाहिलं त्याचं नाव, जबाबदारीही त्याचीच. स्वतः पाहिलं असेल तर ओळ लागत नाही.

निवृत्तीनंतर तुम्ही गोंदियात थांबला नाहीत. आमच्या तालुक्यात, तुमच्या माहेरच्या गावी भावाच्या शेजारी दोन खोल्या बांधल्यात. गावाचं तळं तिथून शंभर पावलांवर. डॉक्टरांनी साखरेसाठी चालायला सांगितलं होतं, म्हणून तुम्ही रोज सकाळी तळ्याच्या पाळीवरून चालायला लागलात. चालून आल्यावर हात स्वस्थ बसेना, म्हणून दोनशे पानी रजिस्टर आणलंत. मला फोन केलात. "तीस वर्षं या जिल्ह्यात काय काय बिघडलं ते छापलं. आता जे बिघडलं नाही ते लिहून राहिली मी."

सकाळी सातला तुमचा फोन यायचा. मी दात घासत असायचो. "घे, लिहून घे," म्हणून तुम्ही वाचून दाखवायचात. 'तळं. पाणी घाटाच्या चौथ्या पायरीला. गुडघा दुखला नाही. आभार.' 'वहिनीने लाखोरीची भाजी पाठवली, निवडलेली. आभार.' 'रात्रभर लाईट गेली नाही. आभार.' 'पाळीवर ऊन. बसायला कोरडा दगड मिळाला. आभार.'

मी विचारायचो, "ताई, याच्यात बातमी काय आहे?"

"कोरडा दगड," तुम्ही म्हणायचात. "तुला रोज मिळते का?"

एकदा मी गावी आलो तेव्हा आपण त्या दगडावर बसून भांडलो. मुद्दा साधा होता. आभार मानायचे तर समोर कोणीतरी हवं. तुम्ही देव मानत नाही. मग हे आभार जातात कुठे? ज्यांनी तळं बांधलं त्यांच्याकडे? तुम्ही घाटाकडे बोट केलंत. म्हणालात, "ज्यांनी बांधलं त्यांनी माझ्या आजीला या घाटावर उतरू दिलं नाही. तिचं पाणी त्या खालच्या डबक्यातलं. त्यांचे कायले मानू?"

"मग कोणाचे?"

"पाणी आहे. मी आहे. या घाटावर बसली आहे. एवढं झालं, म्हणून."

"हे वाक्य अपुरं आहे ताई. कोणाला उद्देशून आहे ते सांगा."

"तू छापते ते कोणाला उद्देशून असते? कोण वाचते तुला माहीत आहे का? तरी पाठवते ना रोज."

मी म्हणालो, ते वेगळं. तुम्ही म्हणालात, वेगळं काऊन, ते सांग. तेवढ्यात तुमच्या वहिनीने चहाला बोलावलं. तो वाद तिथेच थांबला आहे. त्यानंतर मी त्यावर बराच विचार केला आणि माझ्याजवळ दोन चांगले मुद्दे जमलेही होते. आता त्यातला एकही मला पटत नाही.

दिवाळीनंतर तुम्ही न्हाणीत घसरून पडलात. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं आणि प्रज्ञा तुम्हाला गोंदियाला तिच्या फ्लॅटवर घेऊन गेली. तिसरा मजला, लिफ्ट नाही. मी भेटायला आलो तेव्हा तुमची खाट खिडकीशी होती आणि खिडकीतून शेजारच्या इमारतीवरची काळी पाण्याची टाकी दिसत होती.

प्रज्ञा म्हणाली, "आई, उसीको तलाव समझ ले ना अब."

"त्याच्यात सारस उतरवून दाखव," तुम्ही म्हणालात, "मग समजीन."

ती आत गेल्यावर तुम्ही मला काम सांगितलंत. तू कोहमाऱ्याला राहतोस. तिथून गाव नऊ किलोमीटर. रोज सकाळी जा, तळं पाहा, सातला मला सांग. मी विचारलं, "मग हे आभार तुमचे की माझे?"

"पाहशील तू, मानीन मी. डेस्क असंच चालते."

फोनमधल्या नोंदींवरून हिशेब असा आहे. एकूण सकाळी एकेचाळीस. मी खरोखर गेलो त्या तीस. न जाता सांगितलं त्या अकरा.

सुरुवातीला मी रोज गेलो. माझ्या त्या बातम्या वाईट होत्या, हे नमूद करायला हवं. मला पक्षी ओळखता येत नाहीत. "एक पक्षी उडाला," मी सांगायचो. "कोणता?" "काळा होता." "काळे कितीक असतात रे." तळ्यात शिंगाडे लावणारा सुखदेव ढीवर वल्हं थांबवून डोंग्यातून हात करायचा, तेही मी सांगायचो. तुम्ही उतरवून घ्यायचात, पण तुमचं समाधान झालं नाही हे आवाजावरून कळायचं. खाटेवरून तुम्हाला जे दिसायला हवं होतं, ते माझ्या डोळ्यांतून दिसत नव्हतं.

विसाव्या सकाळी कोहमाऱ्याच्या चौकात तांदळाचा ट्रक उलटला. सहापासून मी तिथेच होतो. सातला तुमचा फोन आला तेव्हा चहाच्या टपरीवर फोटो पाठवत बसलो होतो. "काय मिळालं आज?" आज जमलं नाही, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी म्हणालो, "सारसची जोडी. पूर्वेच्या बांधीत, धानाच्या कापलेल्या खुंटांत. सहा वाजून वीस मिनिटं. एक थोडा उंच, तो नर असावा. दोनदा ओरडले, दोघं एकत्र."

तुमच्याकडे रजिस्टरचं पान उलटल्याचा आवाज आला. मग म्हणालात, "वा. पुन्हा सांग. हळू सांग."

मी पुन्हा सांगितलं. एक शब्द बदलला नाही.

तुम्ही खूश झालात, असं मला वाटलं. आधीच्या एकोणीस खऱ्या बातम्यांनी ते जमलं नव्हतं. पुढच्या तीन आठवड्यांत मी आणखी दहा वेळा तसंच केलं. कधी काम होतं, कधी थंडी होती, दोनदा काहीच कारण नव्हतं. मोबाइलवर पक्ष्यांची नावं पाहून ठेवायचो. हळदीकुंकू बदकं, चौदा. जांभळी पाणकोंबडी, तीन, शेवाळावर चालताना. कमळं सोळा, त्यातली पाच उमललेली. वेळ, संख्या, दिशा. तुम्ही म्हणायचात, "आज छान पाहिलंस." मधल्या ज्या सकाळी मी खरंच जायचो, त्या दिवशी पुन्हा "एक पक्षी होता" एवढंच हाती लागायचं, आणि तुम्ही "बरं" म्हणायचात.

ज्या माणसासमोर ग्रामसभेची ती बातमी पकडली गेली, त्यानेच तिच्याहून भरलेल्या अकरा बातम्या पाठवल्या. पाठवताना ती सभा एकदाही आठवली नाही.

एकेचाळिसावी सकाळ. चौकात काही घडलं नव्हतं, जाग लवकर आली होती, म्हणून गेलो. धुकं होतं. घाटावर उभा राहिलो तर पाणीच दिसेना. वल्हं आपटल्याचा आवाज आला, सुखदेव असावा. मग डोक्यावरून काहीतरी मोठं गेलं. पंखांचा वारा कानाला लागला, पक्षी दिसला नाही. घड्याळ पाहायचं राहिलं. परत फिरताना गाडी कुठे लावली ते सापडेना.

सातला मी हेच सांगितलं. "काही दिसलं नाही, ताई. धुकं होतं. काहीतरी मोठं वरून गेलं. काय होतं, सांगता येत नाही."

तुमचा आवाज तोवर बारीक झाला होता. म्हणालात, "म्हणजे आज गेलास तू."

आणि गप्प बसलात.

ती शांतता मी ओळखली. सतरा वर्षं ओळखत होतो. तुम्ही जागा करून दिली होती. मी म्हणालो, "ताई, आवाज कटून राहिला," आणि फोन ठेवला. आवाज कटत नव्हता. त्याच संध्याकाळी तुम्हाला धाप लागली आणि दवाखान्यात नेलं. मी दोनदा आलो. दोन्ही वेळा तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता आणि प्रज्ञा शेजारी होती. तिच्यासमोर हे बोलणं मला अवघड वाटलं. पुढच्या भेटीत बोलू, असं ठरवलं. पुढची भेट झाली नाही.

आता रजिस्टर. एकेचाळीसही नोंदी तुमच्या अक्षरात आहेत. विसाव्या सकाळची मी पहिल्यांदा उघडली. 'आमच्या वार्ताहराकडून. सारसची जोडी, पूर्वेची बांधी, ६.२०. दोनदा ओरडले. मागे ट्रकचे हॉर्न. आभार.'

मागे ट्रकचे हॉर्न. तळ्यापासून हमरस्ता नऊ किलोमीटर आहे. तिथे हॉर्न ऐकू येत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. म्हणजे पहिल्याच दिवशी तुम्ही ओळखलंत. तरी खाली आभार आहेत. बदकांच्या खाली आभार आहेत, सोळा कमळांच्या खालीही. ओळखलं असेल तर हे आभार कशाचे? हॉर्नचे? मी फोन उचलला त्याचे? आणि ओळखलं नसेल तर हॉर्न लिहिलेत कशाला? की मी तळ्यावरून परत येऊन बोलतोय असं समजलात, आणि जे कानावर पडलं ते सवयीने टिपलंत? तसंही असू शकतं. तुम्ही सगळंच टिपत होता.

म्हणून आज सकाळी तळ्यावर गेलो. सुखदेव डोंगा काठाला लावत होता.

"कोन, सायेब? आज कसे येऊन रायले?"

"बाईंचा फोन यायचा का तुला?"

"ये ना जी. शिंगाड्याचं इचारे, पान्याचं इचारे."

"माझं?"

त्याने वल्हं डोंग्यात ठेवलं. "एकडाव इचारलं, चौकात ट्रक पलटला होता त्या हप्त्यात. माहा मानूस येते का रे तळ्यावर, म्हने."

"तू काय सांगितलंस?"

"येते ना बाई, रोजच येते, म्हटलं."

"मी त्या आठवड्यात चारदा आलो नव्हतो."

"थे मले मालूम हाये ना जी."

"मग काऊन सांगितलं तसं?"

सुखदेव ओशाळला. "मले वाटलं बाई तुमची सायेब हाये. हजेरी घेऊन रायली. नाही आला म्हटलं त पगार कापन तुमचा. कोनाच्या पोटावर कायले पाय देऊ?"

"बाई काय म्हणाल्या मग?"

"हासल्या भक्कम. बराच येळ हासल्या. आन् म्हने, दोन मुठी शिंगाडे बाजूले ठेव जो माह्यासाठी."

तर परिस्थिती अशी आहे. तुमच्याकडे दोन स्रोत होते, मी आणि सुखदेव. डेस्कच्या नियमाने दोन स्वतंत्र स्रोतांनी दुजोरा दिला की बातमी जाते. दोघंही खोटं बोलत होते, आणि एकमेकांना न विचारता. तुम्ही हसलात ते आमच्या दोघांवर, की माझा माणूस रोज जातो हे ऐकून बरं वाटलं म्हणून? हसणं कसं होतं, असं मी सुखदेवला विचारलं. तो म्हणाला, "हासन्यासारखं." यापुढे तपास सरकत नाही.

शेवटची नोंद मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. अक्षर वाकडं आहे, ओळ खाली उतरत गेली आहे. 'धुकं. पाणी दिसलं नाही. डोक्यावरून काहीतरी मोठं गेलं. आभार.'

वर 'आमच्या वार्ताहराकडून' नाही.

चाळीस नोंदींवर ती ओळ आहे. माझ्या एकोणतीस खऱ्या आणि अकरा खोट्या बातम्यांवर सारखीच, पूर्ण, लघुरूप न करता लिहिलेली आहे. फक्त हिच्यावर नाही. हात थकला असेल. वरची ओळ सोडून मुख्य मजकूर आधी घ्यावा, असं वाटलं असेल. किंवा तुमच्या नियमाने वाचायचं तर ती नोंद तुम्ही स्वतः पाहिलेल्याची आहे. मी काही न पाहता परत आलो आणि तुम्ही त्या खाटेवरून तळ्यावर जाऊन आलात. हे मी तुमच्याकडे पाठवलं असतं तर तुम्ही काढून टाकलं असतं. "पुरावा?" असं विचारलं असतं. पुरावा एक न लिहिलेली ओळ आहे. तेवढ्यावर छापता येत नाही. पण ही बातमी नाही, म्हणून राहू देतो.

जे छापता येतं ते इथे देतो. तुम्ही फोनवर त्याची वाट पाहिली होती.

खुलासा: आजारपणाच्या काळात तळ्यासंबंधी आलेल्या एकेचाळीस बातम्यांपैकी अकरा दिवशी आमचा वार्ताहर तळ्यावर गेला नव्हता. सारसची जोडी, चौदा बदकं, सोळा कमळं त्याने पाहिली नव्हती. चूक वार्ताहराची आहे. डेस्कची नाही.

आणि आजचं. गेलो होतो. पाणी कितव्या पायरीला आहे ते पाहायचं ठरवून निघालो होतो, सुखदेवशी बोलण्यात राहून गेलं. पलीकडच्या काठावर दोन-तीन पक्षी होते, काळे. निघताना सुखदेवने फडक्यात बांधलेले शिंगाडे आणून दिले. "बाईनं ठेवाले सांगतले होते," म्हणाला. तुमचा दगड दवाने ओला होता. तरी बसलो आणि सगळे खाल्ले. किती होते, मोजले नाहीत. आभार.